खालच्या ओळीतला बिल्ला

सोमवार, ता. ३

पोचले. बस पुलापाशी सोडते, तिथून वस्तीपर्यंत कच्च्या रस्त्यानं पाऊण तासाची चाल आहे. दुखरे गुडघे घेऊन हे दर वर्षी कसे चालत असतील, याचाच विचार करत आले. हे, म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. इथंच गेले.

वस्ती म्हणजे नदीच्या वळणावर लाकडाच्या बावीस खोल्या, एक जेवणघर, एक कचेरी आणि पाण्यात उतरायच्या पायऱ्या. सांधे धरलेली माणसं इथं आठ-पंधरा दिवस राहायला येतात. पाण्यात काठाकाठानं दोरी बांधली आहे. ती धरून गुडघाभर पाण्यात चालायचं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. डॉक्टरनं यांना तेच सांगितलं होतं. सहा वर्षं येत होते. मला छापखान्यातून रजा मिळायची नाही, म्हणून एकटेच.

कचेरीतल्या नोंदवहीत मी माहेरचं आडनाव लिहिलं. मॅनेजरनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. चाळिशीचा, केस पाणी लावून चापून बसवलेला माणूस आहे.

"काकू, एकट्याच आलात?"

"दिसतंय ना."

"नाही, सोबत कुणी असेल म्हणून विचारलं."

"सोबत पुस्तकं आहेत. नदीजवळची खोली द्या."

"नदीजवळच्या सगळ्या भरल्यात हो. बावीस नंबर घ्या, छान आहे, कचेरीच्या अगदी समोर."

येताना मी नदीजवळच्या चार खोल्यांना कुलपं बघितली होती. तरी बावीसच घेतली. खोटं बोलणाऱ्याला लगेच पकडलं की तो सावध होतो.

खोली बरी आहे. खाट, टेबल, एक खिडकी, ती थेट मॅनेजरच्या खिडकीसमोर. दाराला आतून कडी नाही. जिथं कडी होती तिथं स्क्रूची चार भोकं आहेत, आतलं लाकूड अजून पांढरं. म्हणजे आज-कालच काढली. विचारलं तर म्हणाला, दुरुस्तीला दिलीय.

ही वही मी घरीच शिवली. छापखान्यात बांधणी खात्यात बत्तीस वर्षं पानं दुमडून शिवली, कोऱ्या कागदाची एक वही शिवायला मला कितीसा वेळ लागतो. इथं जे बघेन ते लिहून ठेवणार आहे. डोक्यावर आता फार भरवसा नाही.

मुलीला सांगितलंय की मावसबहिणीकडं चाललेय.

मंगळवार, ता. ४

सकाळी पायऱ्यांवर गेले. पायऱ्यांच्या तोंडाशी छातीएवढं लाकडी फाटक आहे, दोन्ही बाजूंनी तेवढंच कुंपण. फाटकाजवळ एक खोपटी आणि खोपटीबाहेर मोठी फळी. फळीवर खिळ्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीवर लिहिलंय 'काठावर', खालच्या ओळीवर 'पाण्यात'. प्रत्येक खोलीच्या नंबराचा एक पत्र्याचा बिल्ला आहे. पाण्यात उतरताना आपला बिल्ला आपण खालच्या ओळीत टांगायचा आणि बाहेर आलं की परत वर. साडेपाचला घंटा होते, खालची ओळ रिकामी झाली की फाटकाला कुलूप.

हे सगळं सांभाळणारी बाई पन्नाशीची आहे, रुंद हाडाची. तिला सगळे बिल्लेवाली म्हणतात. तिच्या देखत एका बाईनं आपल्या नवऱ्याचा बिल्ला वर टांगला, तर हिनं तो काढून परत खाली टांगला.

"ते येऊ देत. ते टांगतील."

"अगं, ते काय, समोर तर उभे आहेत. पायच पुसतायत."

"पुसून झाले की टांगतील. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, नवऱ्याच्या पण नाही."

मला ते आवडलं. मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "वहिनी, पाणी फार गार आहे हो आज. तुम्ही नका उतरू."

मी एकटी आलेली बाई. मला कुणी काकू म्हणेल, ताई म्हणेल, बाई म्हणेल. वहिनी म्हणायला हिला माझा नवरा कुठं भेटला?

माझा बिल्ला मागितला. म्हणाली, बावीस नंबरचा अजून रंगवून आला नाही. फळीवर वरच्या ओळीत शेवटच्या खिळ्याखाली बिल्ल्याचा गोल ठसा दिसत होता. कुणीतरी काढून ठेवलाय.

सहा नंबरचा बिल्ला बघितला. ती यांची खोली असायची. बिल्ला वरच्या ओळीत आहे.

बुधवार, ता. ५

जेवणघरात एक मास्तर रोज माझ्या टेबलावर येऊन बसतात. सत्तरीचे, कानात यंत्र, दर वर्षी येतात म्हणे. बाकीची चार टेबलं रिकामी असतात तरी माझ्याच समोर. विचारतात काय, तर झोप लागली का, जेवण जातंय का, उद्या काय करणार.

"उद्या काय करणार म्हणजे? तुम्ही माझी हजेरी घेताय का?"

"सवय हो, बाई. चाळीस वर्षं घेतली."

त्यांना विचारलं, गेल्या वर्षी इथं कुणी बुडालं होतं म्हणतात, खरं का? त्यांनी चमचा सुपात ठेवला आणि कानातलं यंत्र नीट करायला लागले. मग म्हणाले, "फार सज्जन माणूस. वजनकाटे दुरुस्त करायचा. माझ्याशी बुद्धिबळ खेळायचा. हरला की पट पुसून ठेवायचा, जिंकला तरी पुसून ठेवायचा." आणि सूप तसंच टाकून उठले.

पोलिसांच्या कागदातलं वाक्य मला पाठ आहे. 'सदर इसम स्नानाची वेळ संपल्यावर, फाटक बंद असताना, स्वतःहून पाण्यात उतरला.' दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बंधाऱ्याला सापडले. संध्याकाळी जेवायला आले नाहीत तेव्हा सगळ्यांना वाटलं, ते पुष्कळदा खोलीतच पाव खाऊन झोपतात, तसेच झोपले असतील.

दुपारी फाटकाशी कुणी नव्हतं तेव्हा उंची बघितली. पाय उचलून बघितला. माझे गुडघे धड आहेत तरी मला चढता आलं नसतं. हे तर घरात एक पायरी चढून दोन्ही पाय जुळवून मग दुसरी चढायचे. कधी रांग मोडून पुढं न जाणारा माणूस, तो वेळ संपल्यावर कुलूपबंद फाटक ओलांडेल?

मग कुणी उघडून दिलं का? किल्ली बिल्लेवालीकडं असते.

मागं वळले तर ती खोपटीच्या दारात उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

गुरुवार, ता. ६

दिवसभर कुणी ना कुणी मागं. बाकावर वाचत बसले तर मास्तर. पुलाकडं फिरायला गेले तर मॅनेजर सायकलवरून, म्हणे तिकडंच चाललो होतो. नदीकडं तोंड केलं की बिल्लेवाली.

मुलीचा फोन आला. जेवलीस का, औषध घेतलंस का, सगळं नेहमीचं. मग म्हणाली, "आई, पाण्याजवळ नको जाऊ हं." मावसबहिणीच्या घराजवळ पाणी कुठलं आलंय. हल्ली तिचं बोलण्यात लक्ष नसतं. घरीही दाराआडून माझ्याकडं बघत असते, विचारलं की म्हणते काही नाही.

शुक्रवार, ता. ७

आज बिल्लेवालीनं खोलीवर चहा आणून दिला. बिनसाखरेचा. मी मागितला नव्हता. म्हटलं, मला साखर लागते.

"हो का? दादांना फिकाच लागायचा, मला वाटलं घरात..." इथं थांबली. कप तसाच ठेवून गेली.

दादा म्हणे.

दुपारभर पुस्तक उघडून बसले, एक पान पुढं गेलं नाही. वाचायला मी छापखान्यातच शिकले. शाळा चार वर्षांची. दुमडायला येणारे कागद सोळा-सोळा पानांचे असायचे, त्यातलंच हळूहळू वाचायचे. मधलाच तुकडा, अलीकडचं-पलीकडचं ठाऊक नाही. उरलेलं मनानं जुळवायचं. सवय चांगली नाही ती. आता या बाईचा आणि यांचा मधला तुकडा हातात आलाय आणि मी अलीकडचं-पलीकडचं जुळवत बसलेय. सहा वर्षं, आठ-आठ दिवस. फिका चहा. किल्ली तिच्याकडं.

खरं सांगायचं तर हे जुळलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. रागावता आलं असतं.

कारण दुसरं जे आहे ते मी आजवर कुठं लिहिलं नाही. इथं लिहिते. ते निघाले त्या आठवड्यात त्यांना कामावरून घरी बसवलं होतं. दोन काटे चुकीचे लावून आले, एका ठिकाणी हत्यारांची पेटी विसरून आले. विसरायला लागले होते. मी छापखान्यातून दमून आले होते, त्यांनी दूध गॅसवर ठेवून जाळलं होतं. मी म्हटलं, "तुमच्याकडून आता काहीच होत नाही." त्यांनी भांडं घासून ठेवलं. पिशवी भरली. सकाळी गेले. नेहमी सांगून जायचे, त्या दिवशी सांगितलं नाही.

फाटक कसं चढले, हे मी चौदा महिने विचारतेय. माणसानं मनात पक्कं आणलं तर चढत असेल. या एका उत्तराला मी भिते. ते खोटं ठरेल असं काहीतरी शोधायला आलेय. बाईचं प्रकरण निघालं तर ते चालेल, चोरी निघाली तर ते चालेल.

शनिवार, ता. ८

वही हाताला लागली.

बिल्लेवाली एका म्हाताऱ्या गृहस्थांना हात देऊन वर आणायला खाली गेली होती. मी खोपटीत शिरले. खुंटीला जाडजूड वही टांगलेली. रोज फाटक बंद झाल्याची नोंद. अक्षर मॅनेजरचं. तिला लिहिता येत नाही, ती जाऊन सांगते आणि तो लिहितो. तारीख, वेळ, 'खालची ओळ रिकामी'. पानंच्या पानं तेच.

ती तारीख काढली. ५.३०, खालची ओळ रिकामी. सगळ्यांसारखीच.

पण पान सगळ्यांसारखं नाही. शिवलेल्या वहीत एक कागद मधून दुमडलेला असतो, त्याची दोन पानं होतात, एक इकडं, एक तिकडं. इकडचं फाडलं की तिकडचं सुटतं. ते पान शिवणीत नव्हतंच. कडेला डिंकाची बारीक रेघ लावून चिकटवलेलं. मी नखानं तपासलं. सात पानं पुढं त्याचा जोडीदार सुटा, तोही डिंकानं बसवलेला. कागद तोच, पण त्या तारखेच्या पानाला शिवणीची भोकं नाहीत. कुणीतरी त्या आठवड्याचं पान फाडून, नवीन लिहून चिकटवलंय. काम नेटकं केलंय. पोलिसांना कळलं नसतं. बांधणी खात्यातल्या कुठल्याही पोरीला कळलं असतं.

मॅनेजरच्या खिडकीतून कुणी बघत होतं की नाही ते बघितलं नाही. वही खुंटीला टांगली आणि आले.

रविवार, ता. ९

सकाळपासून भुरभुर होती. पाण्यात कुणी नव्हतं. फळीवर सगळे बिल्ले वर. बिल्लेवाली खोपटीत टॉवेलांच्या घड्या करत बसली होती. मी समोरच्या स्टुलावर बसले.

"वहीतलं पान कुणी फाडलं?"

तिनं घडी मोडली, परत घातली. "कुठलं पान?"

"मी वह्या शिवते. बत्तीस वर्षं. मला सांगू नकोस कुठलं पान."

तिनं दुसरा टॉवेल मांडीवर ओढला.

"आणि मला वहिनी का म्हणतेस? कोण लागत होते ते तुझे?"

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला जे वाटत होतं ते तसं नाही हे तिथल्या तिथं कळलं. लाजणाऱ्या बाईचं तोंड वेगळं असतं. हिचं तोंड परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखं झालं होतं.

"कोणी नव्हते," ती म्हणाली. "दर वर्षी यायचे. मला दादा म्हणायला आवडायचं. तुमच्याबद्दल सांगायचे, आमची ही पुस्तकं शिवता शिवता वाचते म्हणून."

"पुढं."

"मागच्या वर्षी त्यांचं विसरणं वाढलं होतं. पाण्यातून बाहेर यायचे आणि बिल्ला खालीच. खोलीवर निघून जायचे. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन परत आणलं. दुसऱ्या दिवशी पण. गुडघे दुखायचे हो, परत यायला वीस मिनिटं लागायची. मला म्हणाले, तूच टांग की माझा, मी काय पळून चाललोय. म्हणून मग मीच टांगायला लागले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी."

"आणि पाचव्या?"

"असाच पाऊस होता. सगळे लवकर बाहेर आले. पाचला खाली एकच बिल्ला, सहा नंबर. पायऱ्यांवरून बघितलं, दोरीवर कुणी नाही. टॉवेलाची खुंटी रिकामी. मला वाटलं, गेले विसरून नेहमीसारखे."

"हाक मारली होतीस?"

"नाही."

पावसाचा आवाज येत होता, बंधाऱ्याचाही. या आवाजात मारली असती तरी पोचली असती का, कोण जाणे. ते मी तिला म्हटलं नाही.

"वळणाच्या पलीकडं पण दोरी जाते," ती म्हणाली. "तिथवर कुणी जात नाही फारसं. ते गेले असणार. मी वळणापर्यंत गेले नाही. बिल्ला वर टांगला, कुलूप लावलं. पाच दहा झाले होते. घंटा पण दिली नाही, पाण्यात कुणीच नाही म्हणून. मॅनेजरना सांगितलं, त्यांनी वहीत पाच दहाच लिहिले. दुसऱ्या दिवशी कळल्यावर त्यांनी पान बदललं. म्हणाले, घंटेच्या आधी कुलूप लावलं हे कळलं तर आपल्या दोघांचं काही खरं नाही."

म्हणजे फाटक कुणी चढलंच नाही. ते आतच होते. कुलूप त्यांच्या मागं लागलं. फाटकातून वाट नाही म्हणून अंधारात पाण्यातूनच बाहेर पडायला बघितलं असेल.

राग येतोय का बघत होते. मग एक गोष्ट डोक्यात आली.

"त्या दिवशी सहा नंबर खाली कुणी टांगला? उतरताना. तू?"

"नाही. त्यांनीच."

"नीट आठव."

"वहिनी, वर टांगायला विसरायचे. खाली टांगायला कधीच विसरले नाहीत. त्या दिवशी तर खिळ्यावरून घसरून पडला, तर वाकून उचलला आणि परत टांगला. म्हणाले, नाहीतर तू मला शोधणार कशी."

"आणि टॉवेल? खुंटी रिकामी म्हणालीस."

"टॉवेल घेऊनच उतरायचे ते, खांद्यावर. बाहेर आल्या आल्या पाय पुसायचे, वाऱ्यानं गुडघे धरतात म्हणून. मला माहीत होतं ते. त्या दिवशी घाईत आठवलं नाही."

मी उठून खोपटीच्या बाहेर पावसात जाऊन उभी राहिले. ती मागं आली, माझा दंड घट्ट धरला, दोन्ही हातांनी. म्हटलं, सोड, मी कुठं जात नाही. सोडला नाही.

सोमवार, ता. १०

कचेरीत मी, बिल्लेवाली आणि मॅनेजर असे तिघं बसलो. आधी तो म्हणाला, ती काहीतरी बोलते, तिचं मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, वही आणा, डिंक कुठं लावलाय ते दाखवते. मग केसांवरून हात फिरवत बसला.

"काकू, वस्ती बंद पडेल."

"पडू दे नाहीतर चालू दे. मला वस्तीशी काही करायचं नाही. 'वेळ संपल्यावर' आणि 'स्वतःहून', एवढे शब्द त्या कागदातून गेलेले हवेत."

"तुमच्या मुलीला मी शब्द दिला होता की तुम्हाला त्रास होऊ देणार नाही."

"माझ्या मुलीला?"

तेव्हा कळलं. मी बसमध्ये बसायच्या आधीच तिचा इथं फोन आला होता. माझ्या पिशवीत तिला बसचं वेळापत्रक सापडलं होतं. तिनं सांगितलं होतं, आई येतेय, तिला अडवू नका, पण नदीजवळची खोली देऊ नका, आतून कडी लावू देऊ नका, पाण्याजवळ एकटी सोडू नका. मास्तरांनाही तिनंच विनवलं होतं. इथली सगळी माणसं आठ दिवस माझ्यावर पाळत ठेवून होती ती मी मरायला आलेय असं समजून.

आणि मी त्यांना चोर समजत होते. तशी त्यांतली दोघं होतीही.

कागद मीच लिहायला घेतला. बिल्लेवाली सांगत होती. सगळं झाल्यावर वाचून दाखवलं. 'मी सहा नंबरचा बिल्ला चुकून वर टांगला' इथं तिनं मला थांबवलं.

"'चुकून' नका लिहू."

"मग काय लिहू?"

"पुलावरची सहाची बस गाठायची होती म्हणून, लिहा. त्या दिवशी थांबले असते तर वळणापर्यंत गेले असते. मला माहीत आहे."

मॅनेजर म्हणाला, "अगं बाई, कशाला स्वतःच्या हातानं..."

"तुम्ही गप्प बसा हो," ती म्हणाली. "पान फाडलंत ते फाडलंत."

'चुकून' हा शब्द खोडला. तिनं सांगितलं तसं लिहिलं. तिला आपल्या नावापुरतं गिरवता येतं, तेवढं तिनं गिरवलं, फार वेळ लावून. त्यानं दुपारपर्यंत सही केली नाही. मी त्याच्या कचेरीतच पुस्तक घेऊन बसले. जेवायच्या घंटेला त्यानं खाली दोन ओळी लिहिल्या, पान आपण बदललं म्हणून, आणि सही केली. उद्या हा कागद चौकीत देणार आहे. तिचं काम जाईल. तिलाही ठाऊक आहे.

तिला माफ केलं का, असं मास्तरांनी विचारलं. म्हटलं, नाही. तिनं मागितली पण नाही. पण तिचा चहा घेतला. आज साखर घातली होती.

मंगळवार, ता. ११

चौकीत कागद दिला. साहेबानं दोनदा वाचला, पोच लिहून दिली, म्हणाला जबाब घ्यायला बोलावू.

मग बाहेरच्या बाकावरून मुलीला फोन केला. आधी तिला म्हटलं, मी मावसबहिणीकडं नाही. म्हणाली, माहीत आहे. म्हटलं, तुला माहीत आहे ते मलाही माहीत आहे. मग कागदाची नक्कल पहिल्यापासून वाचून दाखवली, छापखान्यात जुळणी तपासताना वाचायचे तशी, एकेक शब्द.

वाचून झाल्यावर विचारलं,

"आहेस का?"

"टॉवेल घेऊन उतरले होते?"

"हो."

"खांद्यावर?"

"खांद्यावर. पाय पुसायला."

ती रडायला लागली. मी रडू दिलं. मग म्हणाली, "त्यांनी मला त्या आठवड्यात दोनदा फोन केला होता, आई. मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. नंतर करते म्हटलं आणि केलाच नाही. मला वाटत होतं, मी उचलला असता तर..."

मी म्हटलं, "मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्याकडून आता काहीच होत नाही."

"कधी?"

"निघायच्या आदल्या दिवशी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस."

मग तिनं लहानपणी विचारायची तसं विचारलं, "परत आले असते ना गं?"

"आले असते. शुक्रवारच्या बसनं. आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नसते."

"दोन नाही," ती म्हणाली. "चार."

"हो," मी म्हटलं. "चार."